बाराव्या प्रकरणातल्या विहीणबाई

जबलपूर स्टेशनवर आम्हाला सोडायला आलेल्या मंडळींचे प्रश्न दोनच होते. मॉन्टेनेग्रो नेमकं कुठं आलं, आणि मुलगा काय करतो. पहिल्याचं उत्तर मी नकाशा पाहून पाठ केलं होतं. इटलीच्या समोर, समुद्राच्या पलीकडच्या काठावर, डोंगरच डोंगर असलेला एक लहानसा देश. दुसरं उत्तर जड होतं. मुलगा सरकारी खात्यात अन्न निरीक्षक आहे, असं मी सांगितलं. खमरियाच्या सरकारी फॅक्टरीच्या क्वार्टरांत आयुष्य काढलेल्या माणसांना सरकारी नोकरी म्हटलं की बरं वाटतं, तसं त्यांना वाटलंही. पुढे मी उगाच बोलून गेलो की त्याचं सरकार सध्या आपले सगळे कायदे बदलतंय आणि हा ते लोकांना लावत फिरतो.

माझे फॅक्टरीतले जुने सोबती तिवारीजी चिंतेत पडले. "मतलब परमानेंट नहीं है?"

मी म्हणालो, नोकरी पक्की आहे, देश अजून कच्चा आहे. यानं कुणाचंच समाधान झालं नाही. तेवढ्यात गाडी आली.

आमची लेक ऋचा जबलपुरातल्या नेपियर टाउनच्या कोचिंग क्लासातून जी बाहेर पडली ती नागपूर, पुणे करत करत पोदगोरिकाला, म्हणजे मॉन्टेनेग्रोच्या राजधानीला जाऊन पोचली. तिथल्या एका कंपनीत ती हॉटेलांसाठी लागणारं सॉफ्टवेअर तपासते. घरात आम्ही मराठी बोलतो आणि ती लहानपणापासून हिंदीत उत्तर देते. लूकाशी लग्न करायचंय, हेही तिनं हिंदीतच सांगितलं. "बाबा, एक बार आके मिल लो. फिर जो बोलना है बोलना." मी नाही म्हणालो नाही आणि होही म्हणालो नाही. येऊन पाहतो, म्हणालो. एखादी खोट सापडली तर काम सोपं होईल, अशा हिशेबानं मी निघालो होतो. माझ्या बायकोला, कुंदाला, हे न सांगता कळलं होतं. आम्ही नागपूरकडचे. जबलपुरात जन्म गेला तरी कुंदाची बोली तिकडचीच आहे. "तुम्ही खोट पाहून राहिले," ती बॅग भरताना म्हणाली. "मी पोरगा पाहते."

दिल्ली, मग इस्तंबूल, मग एक लहान विमान. खिडकीतून आधी करडे डोंगर दिसले, मग आणखी डोंगर, आणि उतरायला जागा कुठे आहे असं वाटेपर्यंत विमान उतरलं. पोदगोरिकाचा विमानतळ म्हणजे आपल्या जबलपूरच्या डुमना विमानतळाची जरा बऱ्या घरी दिलेली बहीण. सामान लवकर आलं. ते घेऊन बाहेर पडायला मात्र वेळ लागला, कारण कुंदाच्या पिशवीत खोव्याच्या जलेबीचा डबा होता.

कस्टमच्या माणसानं डबा उघडून अदबीनं विचारलं, हे काय आहे. मी म्हणालो, मिठाई. कशाची? दुधाची. त्यानं डबा मिटला. बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, असं त्यानं इंग्रजीत सांगितलं आणि भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवलं. चित्रात एका गायीवर लाल फुली होती. कुंदानं मला सांगितलं, त्याला म्हणा इथंच एक खाऊन पाहा, मग ठरव. मी तसं विचारलं. तो म्हणाला, मी ड्यूटीवर आहे. डबा एका निळ्या पेटीत गेला. कुंदानं पेटीकडे असं पाहिलं की त्या माणसानं झाकणही हळूच लावलं.

बाहेर ऋचा आणि तिच्या शेजारी एक उंच, थोडा वाकलेला तरुण उभा होता. त्यानं हात जोडले. एका हातात गाडीची किल्ली असल्यानं नमस्कार जरा तिरपा झाला. कुंदानं जलेबीची हकीकत सांगितली, ऋचानं ती त्याच्या भाषेत त्याला सांगितली. लूकानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्या माणसाचं बरोबर होतं. हा नियम आम्ही युरोपाकडून जसाच्या तसा घेतला आहे.

होणाऱ्या सासूशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य. मी मनात एक खोट टिपून ठेवली. गाडीत बसताना कुंदा मला म्हणाली, "दुसरा असता तर म्हणाला असता, फार वाईट झालं."

त्या दिवशी जेवताना लूकानं आम्हाला त्याचं काम समजावलं. वाचकांनाही ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक संघ आहे. त्यात शिरायचं तर आधी आपले कायदे त्यांच्या मापानं पुन्हा शिवून घ्यावे लागतात. दुधापासून दिव्याच्या बल्बपर्यंत, न्यायाधीशांच्या नेमणुकांपासून मासेमारीच्या जाळ्यांपर्यंत. या कामाची तीसहून जास्त प्रकरणं पाडली आहेत. एकेक प्रकरण आधी उघडतात आणि काम पुरं झालं की बंद करतात. बंद झालेलं पुन्हा उघडताही येतं. मधूनमधून संघाकडून अहवाल येतो, त्यात कुठे प्रगती झाली, कुठे थोडीशी झाली आणि कुठे अजिबात नाही, हे सभ्य शब्दांत लिहिलेलं असतं. लूका बाराव्या प्रकरणात काम करतो. अन्न, जनावरं आणि पिकांचे रोग. हे सगळं संपेपर्यंत त्या देशाला 'उमेदवार देश' म्हणतात.

"म्हणजे तुझ्यासारखाच," कुंदा लूकाला म्हणाली.

ऋचानं याचं भाषांतर केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी चौकशीला लागलो. मुलगा पाहायचा तर शेजारीपाजारी विचारायचं, ही आपली पद्धत, ती तिथे चालणार नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं. ऋचाच्या घराखाली एक काफाना (चहा-कॉफीचं आणि बसून गप्पा मारायचं दुकान) आहे. तिथल्या मालकाला इंग्रजी येत होतं. त्यानं मला छोट्या कपात काळी, गाळ खाली बसलेली कॉफी दिली. पैसे युरोतच घेतले. संघात नसताना या देशानं चलन मात्र आधीच युरोचं घेऊन ठेवलं आहे, हे मला लग्नाआधी संसाराची भांडी घेऊन ठेवावीत तसं वाटलं. देशाचं कसं काय चाललंय, असं मी विचारलं. तो कप पुसत म्हणाला, "कायदे आता जवळजवळ सगळे युरोपचे झालेत. मेव्हणे अजून आमचेच आहेत."

लूकाला तो ओळखत होता. लूकानं त्याला दुधाचा फ्रिज बदलायला लावला होता. पलीकडच्या बेकरीवालीलाही लूका माहीत होता, तिला त्यानं पिठाच्या गोण्या जमिनीवरून उचलून फळीवर ठेवायला लावल्या होत्या. कोपऱ्यावरच्या खाटकानं लूकाचं नाव ऐकून सुरी खाली ठेवली आणि त्याच्या भाषेत बराच वेळ बोलला. मला त्यातला फ्रिज एवढाच शब्द कळला. तो दारू पितो का, बायका-मुलींच्या बाबतीत कसा आहे, घरच्यांना पैसे देतो का, या माझ्या खऱ्या प्रश्नांवर कुणाला काही सांगायचंच नव्हतं.

रविवारी ऋचाच्या घरी जेवण ठरलं होतं. लूकाची आई स्ताना डोंगरावरून खाली येणार होती आणि दोन्ही घरांची गाठ पडणार होती. त्याचे वडील नाहीत. ऋचानं वरणभात, बटाट्याची भाजी आणि तिथल्या मिरच्यांचं भरीत केलं. कुंदानं पोळ्या लाटल्या. पाचवी खुर्ची शेजाऱ्यांकडून आणली होती. स्तानाबाई आल्या नाहीत. लूकानं फोन केला, तो उचलला गेला नाही. आम्ही जेवलो. जेवण झाल्यावर लूकानं खुर्ची उचलली आणि शेजाऱ्यांना परत देऊन आला.

सोमवारी तो कामावर गेल्यावर ऋचानं सगळं सांगितलं.

स्तानाबाई उन्हाळ्यात कातुनावर (डोंगरमाथ्यावरच्या कुरणातली लाकडी झोपडी, गाईमेंढ्यांसह राहायची) राहतात. तिथे त्या चीज आणि कायमाक (दाट साय मुरवून केलेला, लोण्या-चीजच्या मधला प्रकार) करतात आणि खाली कोलाशिन नावाच्या गावात विकतात. त्यांच्या सासूनंही हेच केलं. नव्या कायद्यानं विक्रीचा दुधाचा पदार्थ जिथे होतो त्या जागेची नोंदणी लागते. पाणी तपासलेलं हवं आणि भिंत धुता येईल अशी हवी. लहान, परंपरेनं करणाऱ्यांना सवलत आहे. लाकडी भांडी, लाकडी फळ्या चालतात. पण खोली नीट करून घ्यावी लागते. तो भाग नेमका लूकाच्या कार्यालयाकडे. त्यानं साहेबांना कळवलं की ही माझी आई आहे, तिची तपासणी मी करू शकत नाही. तसाही कायदा आहे, आणि तोही नवाच आहे. मग त्याच्या जागी इवाना नावाची दुसरी निरीक्षक गेली. तिनं तपासलं आणि खोली नीट होईपर्यंत विक्री बंद ठेवायला सांगितली. त्या दिवसापासून स्तानाबाई मुलाशी बोलत नाहीत.

"म्हणजे यानं स्वतःच्या आईचा धंदा बंद केला," मी म्हणालो.

"उसने नहीं किया, बाबा." ऋचानं माझ्याकडे पाहिलं. "उनको यही तो बुरा लगा."

मला हवी ती खोट सापडली होती. खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं. खिडकीशी उभी राहून कुंदा ऐकत होती. ती म्हणाली, त्या खाली येत नाहीत तर आपण वर जाऊ.

लूकानं सुट्टी काढली आणि स्वतःच गाडी चालवली. पोदगोरिका सोडलं की रस्ता मोराचा नदीच्या घळीत शिरतो. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांखाली नावेतून वर पाहताना मान दुखते तशी इथे गाडीतून दुखते, फक्त दगड पांढरा नाही, करडा आहे, आणि नदी खूप खाली, हिरव्या बांगडीच्या रंगाची. बोगदे एकामागून एक येत राहिले. कुंदा प्रत्येक बोगद्यात डोळे मिटून घेत होती. कोलाशिनच्या पुढे डांबरी रस्ता अरुंद झाला, चीड-देवदारासारखी झाडं आली, गारवा आला आणि एका वळणावर डांबर संपलं. तिथे जरा मोकळी जागा होती. वर, बऱ्याच उंचीवर, हिरव्या उतारावर काही झोपड्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. लूकानं गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. पुढे पायी जावं लागेल, वाट चांगली आहे, ऋचाला माहीत आहे, असं म्हणून तो स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला.

"तू?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. आईनं बोलावलेलं नाही, म्हणाला.

कुंदा आणि ऋचा पुढे निघाल्या होत्या. मी दारापाशी थांबलो आणि मला जे विचारायचं होतं ते इंग्रजीत विचारून टाकलं. तूच का नाही गेलास? त्यानं किल्ली काढून हातात घेतली. मग म्हणाला, मी गेलो असतो तर मी जे काही लिहिलं असतं ते खोटं ठरलं असतं. पास केलं असतं तर लोक म्हणाले असते, आई आहे म्हणून केलं. नापास केलं असतं तर म्हणाले असते, दाखवायला केलं. "इथे प्रत्येकाचा कुणी ना कुणी मेव्हणा आहे," तो म्हणाला. "कुणीतरी सुरुवात करायला हवी होती. पण माझ्या आईपासून व्हायला नको होती."

"मग त्या दिवशी तू काय केलंस?"

"इवानाच्या मागोमाग आलो. ती खाली येईपर्यंत इथे बसलो होतो."

मी वर निघालो.

वाट चांगली आहे हे लूकाचं म्हणणं डोंगरी माणसाचं होतं. कुंदाच्या चपलेचा अंगठा अर्ध्या वाटेत तुटला. ऋचानं केसांची रबरं बांधून तो जमवला. झोपड्या जवळ आल्यावर एक अस्वलाएवढा कुत्रा वाटेच्या मधोमध येऊन बसला. तो भुंकला नाही आणि हललाही नाही. मी काठी शोधत होतो, तेवढ्यात ऋचानं त्याला दोन शब्द ऐकवले. कुत्रा उठला आणि बाजूला झाला. जबलपूरला ही मुलगी गल्लीतल्या पिल्लाला भिऊन रिक्षा करायची.

स्तानाबाई दारात उभ्या होत्या. ठेंगण्या, अंगात पुरुषी जाकीट, डोक्याला काळा रुमाल. आमच्याशी हात मिळवले, आत बसवलं, कॉफी ठेवली. मला रकियाचा (फळांच्या दारूचा) छोटा पेला दिला. मी ओठ लावून खाली ठेवला, तो त्यांनी तिथेच राहू दिला. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मग काचामाक (मक्याचं पीठ आणि बटाटा घोटून केलेला दाट घाटा) आला, त्यावर वितळणारा कायमाक. आम्हा शाकाहारी माणसांना परदेशात इतकं पोटभर पहिल्यांदाच मिळत होतं. कुंदानं दुसऱ्यांदा मागून घेतलं. स्तानाबाईंनी वाढताना तिच्याकडे नीट पाहिलं.

आम्ही आपसांत बोलत होतो ते त्या ऐकत होत्या. त्यांनी ऋचाला विचारलं, तुम्ही कोणती भाषा बोलताय. ऋचानं सांगितलं, आईबाबा मराठीत बोलतात आणि मी हिंदीत. स्तानाबाईंना नवल वाटलं. "दोन भाषांत बोलून तुमचं एकमेकांना कळतं?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे एकच आहे."

यावर कुंदा सरळ विषयावर आली. तिनं ऋचाला सांगितलं, यांना सांग, तुमचा मुलगा खाली गाडीत बसलाय.

ऋचानं सांगितलं. स्तानाबाई उठल्या, दार पूर्ण उघडलं आणि बोट केलं. उताराच्या तळाशी, वळणावर, लूकाची पांढरी गाडी तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती.

"दिसतोय मला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीही तिथेच होता."

त्या दारातच उभ्या राहून बोलू लागल्या, आमच्याकडे न पाहता, आणि ऋचा हळू आवाजात सांगत गेली. इवाना चांगली मुलगी आहे. लूकाबरोबर दोनदा घरी जेवून गेलेली. त्या दिवशी मात्र मी कॉफी केली ती प्यायली नाही. कामावर असताना चालत नाही, म्हणाली. या घरात कुणी येऊन कॉफी न पिता गेलं, असं कधी झालं नव्हतं. तिनं काय काय सांगितलं ते माझ्या कानात शिरलंच नाही. मी खाली गाडीकडे पाहत होते. दार उघडं ठेवलं होतं.

मग त्या वळल्या. "तो आला असता आणि म्हणाला असता, आई, बंद कर. मी दोन दिवस ओरडले असते. मग भिंत केली असती. नियम मला कळतात. पण परक्या मुलीवर ओरडायचं कसं?"

मी काहीतरी समजुतीचं बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो. कुंदा माझ्या आधी बोलली. हातातली बशी खाली ठेवून ती ऋचाला म्हणाली, "त्यांना म्हणाव, हिच्यावर ओरडा. हिला आमी ओरडून ओरडूनच मोठी केली."

"आई, क्या बोल रही हो!"

"काहून? सांग नं तू."

ऋचानं सांगितलं. स्तानाबाईंनी आधी कुंदाकडे, मग ऋचाकडे पाहिलं. मग त्या बाकावर बसल्या आणि काहीतरी थोडक्यात म्हणाल्या. वाच, म्हणाल्या असाव्यात, कारण ऋचानं फोन काढला, त्यात तो नियम शोधला आणि मोठ्यानं वाचायला लागली.

त्यानंतर जे झालं ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. पहिल्याच ओळीत ऋचाचा एक शब्द चुकला. स्तानाबाईंनी तो दुरुस्त केला. पुढच्या ओळीत शब्द बरोबर होता, पण नियमच त्यांना मान्य नव्हता. त्यांनी झऱ्याकडे हात केला, छताकडे हात केला, एकदा छातीवर हात मारला. पाण्याच्या कलमापर्यंत आवाज चांगलाच चढला. भिंतीच्या कलमाला त्या उभ्या राहिल्या. बाहेरचा कुत्रा आत येऊन पाहून गेला. ऋचा आधी मान खाली घालून ऐकत होती, मग तीही बोलायला लागली, मग तीही उभी राहिली. दोघी काळ्या पडलेल्या भिंतीसमोर उभ्या राहून एकमेकींना बोटं दाखवत होत्या. माझी मुलगी परक्या भाषेत, परक्या देशाच्या कायद्यावर, परक्या बाईशी भांडत होती आणि तिला एकाही शब्दासाठी अडत नव्हतं. आपल्या मराठीत ती दोन वाक्यांवर थांबते. मला वाईट वाटलं की नाही, हे तेव्हा नीट कळलं नाही. एवढं कळलं की तिला परत न्यायला म्हणून मी आलो असेन, तर मला उशीर झालाय.

कुंदानं उरलेला काचामाक संपवला. "आता बरं चाललंय," ती म्हणाली.

लाकडी भांडी चालतील, हे वाक्य ऋचानं पुन्हा पुन्हा वाचलं, तेव्हा कुठे ते स्तानाबाईंच्या कानात शिरलं. सासूची लाकडी बादली? चालेल. फळ्या? त्याही. मग ती मुलगी तसं बोलली का नाही? ऋचा म्हणाली, ती बोलली होती. स्तानाबाईंनी भिंतीवर हात फिरवला आणि या जागेला फरशी लावायची म्हणजे ओझं कुणी वर आणायचं, असं विचारलं. ऋचानं उघड्या दारातून खाली बोट दाखवलं.

निघताना त्यांनी फडक्यात बांधलेलं चीज आणि कायमाकचा डबा माझ्या हातात दिला. त्याच्यासाठी आहे, म्हणाल्या. आणि वर, हे विक्रीसाठी नाही, असंही सांगायला लावलं.

लूका गाडीबाहेर उभा होता. मी डबा दिला आणि निरोपही जसाच्या तसा दिला. घरच्या खाण्यासाठी असेल तर नोंदणी लागत नाही, असं तो म्हणाला, आणि बॉनेटवर फडकं पसरून तिथेच उभ्याउभ्या खायला लागला. खाताना त्यानं आमच्याकडे पाठ केली होती. आम्हीही नदीच्या बाजूला पाहत उभे राहिलो.

नंतर मी त्याला म्हणालो, वरून तुझी गाडी स्पष्ट दिसते, तुला माहीत नसेल.

त्यानं फडकं झटकून घडी घातली. "इथे गाडी लावायला दुसऱ्याही जागा आहेत," तो म्हणाला.

परतताना कोलाशिनला कॉफीसाठी थांबलो, तेव्हा मी त्याला विचारलं, लग्न तिकडे करायचं की इकडे. हा माझा होकार होता. ऋचाला तो लगेच कळला, तिनं माझा हात धरला आणि चक्क मराठीत "बरं झालं, बाबा" म्हणाली. लूकाला तो कळला नाही. त्यानं दोन्ही देशांतल्या विवाह नोंदणीचे नियम सविस्तर सांगायला सुरुवात केली.

उरलेले दिवस आम्ही समुद्रकाठी, जुन्या तटबंदीच्या गावांत घालवले. त्याची वर्णनं इतरत्र पुष्कळ सापडतील. फोटो कुंदाच्या फोनमध्ये आहेत, घरी आल्यावर ती दाखवते.

जबलपूरला परतलो तेव्हा प्लॅटफॉर्मवरचा उकाडासुद्धा बरा वाटला. पुढची बातमी फोनवर कळत गेली. फरशीचं ओझं लूकानंच वर नेलं. पहिल्या खेपेला आई बोलली नाही, दुसऱ्या खेपेला फरशीचा रंग आवडला नाही म्हणून ओरडली, आणि त्या दिवशी तो जेवून खाली आला. तपासणीला इवानाच आली. सही झाल्यावर, बॅग बंद करून, ती बाकावर बसली आणि कॉफी प्यायली. चीज पुन्हा बाजारात आहे. बारावं प्रकरण कुठवर आलं, असं मी मधूनमधून विचारतो. काम चालू आहे, असं लूका सांगतो. देश संघात कधी जाईल, हे त्यालाही सांगता येत नाही. काफानाच्या मालकाला तर नाहीच.

कायदे जुळवणं म्हणजे कागदावर कागद ठेवून कडा नीट करणं, असं मी जाण्यापूर्वी समजत होतो. तिथे पाहिलं ते असं की वरचा कागद एका बाईच्या चुलीपर्यंत येऊन थांबतो, आणि तिथून पुढे त्याला कुणीतरी हाताला धरून आत न्यावं लागतं. हे कोणत्या प्रकरणात येतं, मला विचारायचं राहून गेलं.

लोक अजून विचारतात, मुलगा कसा आहे. मी उंची सांगतो, नोकरी सांगतो, देशाची परिस्थिती सांगतो, आणि माझं बोलणं लांबत जातं. परवा घमापूरच्या बाजारात भाजी घेताना ओळखीच्या एका बाईंनी कुंदाला हेच विचारलं. कुंदानं मेथीची जुडी पिशवीत ठेवली.

"बरा आहे," ती म्हणाली. "आई रुसली तरी तिला दिसेल अशाच जागी गाडी लावते."